बॅग घेऊन बाथरूमला

दवाखान्यातल्या बाथरूमचा नळ दुसऱ्यांदा चोरीला गेला, तेव्हा डॉक्टर ओरडले नाहीत. काउंटरपाशी येऊन एवढंच म्हणाले, "बाहेरच्याला आपलं बाथरूम एवढं कसं पाठ असेल?" आणि केबिनमध्ये गेले. काउंटरवर बसायची एकच पोरगी. बोट कुणाकडे होतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पोरीचं डोकंच सटकलं. तिला कंपाउंडर काका भिंग म्हणायचे. आलेला माणूस ती चपलेपासून टकलापर्यंत तपासायची. खोकला खरा की नंबर आधी लागावा म्हणून काढलेला, तेही ओळखायची. आता चोर सापडला नाही तर नोकरी जाणार, आणि वर नाव खराब.

"लोक दागिन्यांवरून बदनाम होतात. मी नळावरून," ती म्हणाली.

"मला तर वाटतं तूच नेलेस," काका गोळ्या पुडीत बांधत म्हणाले.

"आमच्या घरी पाणी येत नाही काका. नळ काय शोकेसमध्ये ठेवू?"

नवा नळ बसला त्या दिवशी तिनं बाथरूमची आतली कडीच काढून टाकली आणि दारावर कागद लावला: कडी बिघडली आहे, दार ठोठावा. चोराला आत निवांतपणा मिळता कामा नये.

त्याच दुपारी बॅगवाला आला. रेक्झिनची जुनी बॅग, काखेत घट्ट. आधीही येऊन गेलेला.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

भिंगच्या मनात पाल चुकचुकली. बाकीचे पेशंट स्वेटर घालून बसलेले आणि हा घामानं निथळत होता. एकदा बाथरूमच्या दाराकडे बघे, एकदा तिच्याकडे. मधेच हात शर्टाच्या आत घाली.

"काका, शर्टात काय लपवतोय तो?"

"पाना असेल."

तेवढ्यात तो उठला. बॅगेसकट.

"बॅग ठेवा की इथं. कोण खातंय तिला?"

"राहू दे, ताई." आवाज पार बारीक. भिंतीला हात लावत तो आत गेला.

भिंग दाराशी जाऊन उभी राहिली. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मग धपकन काहीतरी पडलं, आणि मग पाण्याचा फवारा. तरी तिचा हात दारावर अडला. आतला माणूस नुसताच पेशंट निघाला, तर संध्याकाळी तिची पर्स आणि ती, दोघी रस्त्यावर. तिनं मोबाईलचा कॅमेरा चालू केला, एकदा ठोठावलं आणि दार ढकललं.

तो बेसिनखाली फरशीवर बसला होता. भिंतीतून पाणी उसळत होतं. मांडीवर पाना, मुठीत नळ. इतके दिवस तिला हेच पाहिजे होतं. तिनं मोबाईल वर धरला.

पण स्क्रीनवर चेहरा आला आणि तिचा अंगठा थांबला. पकडलेला चोर गयावया करतो, नाहीतर पळतो. यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. दुसऱ्या हातानं जबड्यापासून खांद्यापर्यंत चोळत होता, श्वास अर्धाच येत होता. घाम, छातीवरचा हात, बारीक आवाज: तिनं सगळं बघितलं होतं. अर्थ तेवढा चुकीचा लावला होता.

"डॉक्टर, लवकर या, हार्टचं वाटतंय," ती ओरडली.

तो भिंत धरून उठायला लागला. "ताई, हा नळ..."

"नळ गेला खड्ड्यात. जागचं हलायचं नाही."

डॉक्टरांना बसायला जागा व्हावी म्हणून तिनं नळ आणि पाना उचलून त्याच्याच बॅगेत कोंबले. डॉक्टरांनी नाडी धरली, एक गोळी त्याच्या तोंडात दिली. "चावून खा." भिंगनं ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला, वर "जिना नाही, स्ट्रेचर सरळ आत येईल" हेही सांगितलं. काकांनी पाणी मेनमधून बंद केलं.

त्याला नेल्यावर डॉक्टर हात पुसत म्हणाले, "पडताना आधाराला धरला असेल बिचाऱ्यानं, नळच हातात आला."

बॅग भिंगच्या पायाशी होती. चेन ओढली की झालं, तिच्यावरचा आळ गेला असता. तिनं चेनला हातही लावला. तेवढ्यात निरोप मिळालेली त्याची बायको धापा टाकत दारात आली, एका पायात चप्पल नाही. भिंगनं बॅग तशीच तिच्या हातात दिली आणि हॉस्पिटलचा रस्ता सांगितला.

पुढे बरेच दिवस नवा नळ जागेवर राहिला. डॉक्टर खूश. "बघ, मी एकदाच बोललो आणि चोरी बंद." भिंगनं दात ओठ खाल्ले. बोलायची वेळ गेली होती.

मग एक दिवस तो चेकअपला आला, हळूहळू चालत, बायकोबरोबर. डॉक्टर काउंटरपाशीच उभे होते.

"जरा बाथरूमला जाऊन येतो," तो म्हणाला. बॅग काखेत.

"बॅग इथं ठेवून जा," भिंग म्हणाली.

"द्या की हो," बायको म्हणाली, "ताईंनी जीव वाचवलाय तुमचा."

त्याचे कान लाल झाले. त्यानं बॅग काउंटरवर ठेवली, ती खणखणली. "बाथरूमला नव्हतं जायचं," तो पुटपुटला. "हे गुपचूप आत ठेवायचे होते." त्यानं चेन उघडली आणि नळ काढून ओळीनं मांडले. बायकोचं तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टर नळांकडे बघत राहिले, मग भिंगकडे. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर ठरवूनच बसला होता."

डॉक्टर म्हणाले, "चुकलं माझं. ती कडी लावून टाक परत."

"थांबा जरा," भिंग म्हणाली. ती नळ एकेक हातात घेऊन बघत होती. "तीन आमचे. हा चौथा कुणाचा?"