दयाळाला दिलेली साथ

आमच्या दोन अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडे निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात, अलीकडे मी. पाण्याची वेळ आणि कचऱ्याची गाडी यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मग माझ्या लिंबावर दयाळ पक्ष्याचा नर गाऊ लागला आणि बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन भिंतीशी येऊ लागल्या.

खाली मादी किडे टिपत असे. नर शेपटी पसरून, मान ताणून तिच्यापुढे मिरवायचा.

“छाती बघा, एक्सरे काढायला उभा केल्यासारखी,” बाई म्हणाल्या. “आणि तिला काही सोयरसुतक आहे का?”

“ती ऐकत असते, सिस्टर. दाखवत नाही. पुस्तकात आहे तसं.”

“पुस्तकात! अहो प्रोफेसर, तो निदान तोंड तरी उघडतो.”

मी प्रोफेसर नाही. छापखान्यात प्रुफं तपासायचो. पण ते सांगायचं राहूनच गेलं.

एका सकाळी नर मुका बसला. “आज संप दिसतोय,” बाई म्हणाल्या. “गायला लागला की हाक मारा.” दुसऱ्या दिवशीही तो गप्पच होता, आणि बाई आल्या नाहीत.

दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की हा चेव येऊन गातो, असं मी वाचलं होतं. फोनवर दयाळाचं गाणं शोधून लावलं आणि फोन कुंडीआड ठेवला. पुस्तक खरं निघालं. तो गायला, पण लगेच कुंडीवर झेपावला, न दिसणाऱ्या वैऱ्याला शोधत अंगणभर भिरभिरला. मादी बिचकून उडाली. मी धडपडत फोन बंद करेपर्यंत तोही तिच्यामागे गेला. दोघं परतले नाहीत.

हाक मारायला दुसरं काही निमित्त सापडतं का, ते मी बरेच दिवस शोधलं. शेवटी तशीच हाक मारली.

बाई हात पुसत आल्या. “आला का?”

“नाही.”

“मग?”

मनात वाक्यं पुष्कळ जुळवली होती. ऐन वेळी प्रत्येकात चूक दिसू लागली.

“म्हटलं, तुम्हाला कळवावं.”

“काय, आला नाही म्हणून?”

“हो.”

त्यांनी रिकाम्या फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गॅसवर दूध ठेवलंय,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

दूध तापायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तरी त्याहून बराच वेळ मी भिंतीशी उभा राहिलो.