कुंपणाकडचा पट्टा

पालिकेच्या बागेतलं गवत मी कापते. खांद्याला पट्टा, हातात मशीन आणि मशीनच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. कुंपणालगतच्या पट्ट्यात लोक कुत्री फिरवतात. गवत वाढलं की त्यांची घाण दिसत नाही, आणि दोरी लागली की ती थेट तोंडावर उडते. गॉगलवर, गालांवर, ओठांवर. मुकादम म्हणायचे, "तोंड मिटून काम करत जा." जशी काही मी तिथं गाणीच म्हणत होते.

पुसायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि पुढचं गवत धरायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं. मग उजव्या डोळ्यापुढे जाळं आलं. चष्मा लागला असेल, असं म्हणून मी चालढकल केली. एकदा डावा डोळा चोळत होते, तर समोर उभा असलेला नवरा मला निम्माच दिसला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून विचारलं, "घरी कुत्रं आहे?"

"घरी नाही. कामावर त्यांची घाण असते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी घाणीतून मातीत जातात आणि तिथं महिनोन् महिने टिकतात. माणसाच्या पोटात गेली की त्यांतून अळ्या निघतात आणि अंगभर हिंडतात. माझ्यातली एक डोळ्यात पोचली होती. पडद्यावर वण पडला होता.

"सूज उतरेल," त्या म्हणाल्या. "गेलेली नजर मात्र परत येणार नाही."

मी रडले नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

संध्याकाळी नणंद भेटायला आली. वन्सं बागेसमोरच राहतात. त्यांचं कुत्रं, लाडोबा, रोज सकाळी त्याच पट्ट्यात जायचं.

"वहिनी, आमचा लाडोबा तसला नाही हो. साबण लावून अंघोळ घालते मी त्याला."

"साबण पोटात जातो का त्याच्या?"

"आणि शेवटी ते खतच की. मातीत मिसळून जातं."

"मग तुमच्या कुंड्यांत घाला."

नवरा मध्ये पडला. "जाऊ दे गं. आपलंच माणूस आहे."

"डोळाही आपलाच होता," मी म्हणाले. "वन्सं, जंताचं औषध दिलंय का त्याला?"

वन्सं चप्पल घालून निघून गेल्या.

कामावर परतले आणि मुकादमांना सांगून टाकलं, कुंपणाकडचा पट्टा मी कापणार नाही. त्यांनी दुसऱ्या दोघींना सांगून पाहिलं. त्याही नाही म्हणाल्या. गवत गुडघ्याच्या वर गेलं, तशी कुत्रेवाल्यांची ओरड सुरू झाली. पाय ठेवायला जागा नाही, कुत्र्यांना गोचीड लागतात. एका सकाळी ते सगळे मुकादमांना घेऊन माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मागे वन्संही होत्या.

एक निवृत्त साहेब म्हणाले, "बाई, हे तुमचं कामच आहे. आम्ही कर भरतो."

"मीही भरते. म्हणून तुमच्या दारात परसाकडला बसत नाही." मी खांद्याचा पट्टा काढला आणि मशीन त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. गॉगलही देते. गवतात काय पडलंय ते तुमचं तुम्हालाच ठाऊक."

कुणी हात पुढे केला नाही. साहेब फोन बघायला लागले.

मग वन्सं पुढे आल्या. हातावर पिशवी चढवली, गवत बाजूला सारलं आणि वाकून गोळा करायला लागल्या. त्यांना उमासे येत होते. मी थांबवलं नाही. थोड्या वेळाने आणखी दोघं-तिघं वाकली. साहेब घरी गेले.

आता तिथं कचऱ्याचा डबा आहे, दंडाची पाटी आहे. काही जण उचलतात. काही जण इकडेतिकडे बघून चालू लागतात. त्यांना मी हाक मारून परत बोलावते. पूर्ण चेहरा झाकणारी प्लॅस्टिकची काच मिळाल्यावरच मी तो पट्टा पुन्हा कापायला घेतला.

वन्सं लाडोबाला वेळेवर औषध देतात आणि मला आवर्जून सांगतात. मी "बरं" म्हणते. नवरा म्हणतो, झालं गेलं विसर. राग काही जात नाही.

परवा वन्संनी उजवीकडून चहाचा कप पुढे केला. मला दिसलाच नाही. हात लागून सगळा चहा सांडला. फरशी त्यांनी पुसली.