दारावरचा गेरू

कारभारी मळ्यातून घरी आला आणि दारापाशीच थबकला. चौकटीवर गेरूनं आकडा काढलेला होता. अजून ओला होता.

त्याला अक्षरओळख नव्हती, पण गेरू ओळखीचा होता. दोन वर्षांमागं प्लेगात असाच आकडा दारावर आला, आणि दुपारी गाडी येऊन त्याच्या बायकोला, आवडाबाईला, गावाबाहेरच्या झोपड्यांत घेऊन गेली. ती परत आली नाही. आता आत सात वर्षांची चतुरा तापानं फणफणली होती.

त्यानं तिला उचललं, धान्याच्या रिकाम्या कणगीत बसवलं आणि वर गोणपाट टाकलं. "खोकू नको गं बाई. बापाची आण हाय."

तेवढ्यात हातात कागद घेऊन जब्बार मास्तर दारात आले. सकाळपासून ते खाम नदीच्या काठानं घरं मोजत हिंडत होते.

"कारभारी, घरात किती जण?"

"म्या एकटाच."

"लेकरंबाळं?"

"नाय."

मास्तर अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडं बघून हसले. "मग हा परकर तुम्ही नेसता काय हो?"

"पाव्हण्यांचा हाय."

"अहो, मर्दुमशुमारी आहे ही. दारावरचा आकडा घरमोजणीचा. शहरात घरं किती, माणसं किती, नदीच्या अलीकडं किती, पलीकडं किती, एवढंच लिहायचं. घाबरता कशाला?"

"मागच्या वक्तालाबी लिवायचंच म्हनले व्हते."

"बरं, एक तर एक," म्हणत मास्तरांनी टाक दौतीत बुडवला.

कणगीतून इतका वेळ बारीक धाप ऐकू येत होती. ती थांबली. कारभारीनं कान दिला. काहीच नाही. मास्तर समोर आहेत हे विसरून त्यानं गोणपाट ओढलं आणि पोरीला बाहेर काढलं. तिची मान लुळी पडली होती. त्यानं तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. तेव्हा कुठं चतुरानं श्वास ओढला आणि ती खोकली.

मास्तर झटकन दोन पावलं मागं सरले. मग पुढं येऊन त्यांनी तिच्या गळ्यावरचं लाल पुरळ बघितलं.

"गोवर आहे हा. प्लेग नाही. जीव घेतला असता पोरीचा! नाव सांगा."

कारभारीच्या डोळ्यांपुढं ती मागं सरलेली पावलंच होती. "चतुरा," तो कसाबसा म्हणाला.

मास्तर लिहून पुढच्या घरी गेले. कारभारीनं पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि तिला घेऊन तो मागच्या वाटेनं मळ्यातल्या केळीत जाऊन बसला. पाटाच्या पाण्यानं वाफ्याचा बांध फुटला तरी तो उठला नाही. अंधार पडेपर्यंत तो गाडी येते का म्हणून रस्त्याकडं बघत राहिला.