अकरा मिस कॉल

धनेश शेठचा नियम होता: गोदामातून फोन यायचा, पण तो उचलायचा नाही. एक मिस कॉल म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे गाडी आली. तीन म्हणजे गाडी भरून सुटली. तास झाला की एक द्यायचाच, मध्ये काही घडलं तर दोन किंवा तीन. मी उन्नती, बारावी पास, वळ गावातल्या त्या गोदामात शेठची असिस्टंट. मोबाईल हातात देतानाच शेठ म्हणाले होते, "दोन रिंगा झाल्या का कट करायचा. मी उचलनार न्हाय. मला इचारायचं असंल तं मी करीन, तवा सांग."

"आणि काही घाईचं असलं तर?"

"गोदामात कसली आलीय घाई? माल काय पलून जातो?"

आज हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे. २००५ सालची गोष्ट आहे, आजूबाजूच्या गोदामांतही असंच चालायचं. शेठ लोकांना वाटायचं, आपल्याला जागेवर बसून सगळं कळतं. त्यांना फक्त तीन गोष्टी कळायच्या. चौथी घडू नये ही जबाबदारी आमची.

दोन वर्षं मी हे केलं. ताप असताना केलं. बहिणीच्या हळदीत, हात पिवळे असताना, मागच्या दारी जाऊन केलं. त्या दिवशी मला सुट्टी होती, गोदाम बंद होतं, तरी केलं. सवय अशी असते.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी येसूच्या पायावर ड्रम पडला. येसू वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावरचा, तो आणि त्याची बायको सरू दोघंही आमच्याकडे माल उतरवायला होते. ट्रकमधून तेलाचा भरलेला ड्रम फळीवरून घसरवत खाली घेत होते, फळी सरकली. डावा गुडघा ड्रमखाली गेला. चौघांनी ड्रम बाजूला केला. येसू ओरडला नाही. "पानी द्या," एवढंच म्हणाला. सरूनं डोक्याचा फडका काढून मांडीला बांधला, तो बघता बघता भिजला.

जीप दारात उभी होती. शेठचीच. विठू ड्रायव्हर तिला टेकून तंबाखू मळत होता.

"विठूदादा, गाडी काढ."

"शेठला इचारलं का?"

"अरे, रक्त बघ किती चाललंय."

"मला दिसतंय ना. मागच्या वर्षी माझ्या आयला दवाखान्यात नेली न इचारता, तं महिनाभर घरी बसवला मला. तू इचार. ते हो बोलले का मी उडवत नेतो."

मी फोन लावला. दोन रिंगांवर कट केला नाही, वाजू दिला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत. मध्येच एक मेसेजही टाकला, इंग्रजी अक्षरांत. शेठ मेसेज उघडत नाहीत हे मला माहीत होतं. सातव्यानंतर मी शेठच्या घरी लावला. भाविका वहिनींनी उचलला.

"ते कशेलीला गेलेत, साखरपुड्याला. त्यांच्या मोबाईलवर कर ना."

"उचलत नाहीत, वहिनी. इथं माणसाला लागलंय. विठूला तुम्ही सांगता का, गाडी ने म्हणून?"

"मी कशी सांगू बाय? गाडी त्यांची हाय. तू करत रहा, उचलतील."

मी करत राहिले. दवाखान्याच्या गाडीचा नंबर आमच्या भिंतीवर नव्हता. शेठचा होता, लाल पेनानं, मोठा. मी येसूच्या शेजारी उभी राहून फोन कानाला लावला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. येसूही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला काय वाटत होतं ते विचाराल तर, काही वाटत नव्हतं. रिंग ऐकू येत होती.

दोन पन्नासला सरू उठली. रस्त्यावर जाऊन मधोमध उभी राहिली. कपड्याचे तागे भरलेला एक टेम्पो कचकन थांबला. ड्रायव्हर आधी शिव्या देत उतरला, मग आत बघितलं त्यानं.

"अरे, डालो ना जल्दी. पूछते क्या हो?"

त्यानं कुणालाच विचारलं नाही. मालकाचा माल होता मागे. त्या ताग्यांवर येसूला घातला, सरू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी ड्रायव्हरजवळ. विठूनं टेम्पोचा मागचा फाळका लावून दिला. तेवढं त्यानं केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता लागलं?" मी म्हणाले, दोन दहा. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेतीन. कागदावर लिहिलं. त्याच संध्याकाळी पाय काढला, गुडघ्याच्या वरून.

पण त्याआधी, चारच्या सुमाराला, शेठचा फोन आला. मी दवाखान्याच्या जिन्यात होते. मागे सनई का बँड काहीतरी वाजत होतं, शेठ खुशीत होते.

"काय गं, तीन गाड्या सोडल्या? आन् वर एक आली?"

"काय?"

"अकरा मिस कॉल हायेत तुजे. तीन, तीन, तीन झाले नऊ. वरचे दोन. मी पावन्यांना मोबाईल दाखवला, बोललो, बघा आमची पोरगी, मी इथं जेवतोय आन् तिथं गाड्या सुटतात."

मी सांगितलं. पलीकडे बँड वाजतच होता.

"मंग बोलायचं ना मला."

"कुठं बोलायचं? तुम्ही उचलला नाही."

"मिस कॉल कोन उचलतो का, उन्नती?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी रिंग कशीही वाजवली असती, कितीही वेळा, तरी त्याचा अर्थ चांगलाच निघाला असता. चार वेळा दिली तर ते तीन अधिक एक समजले असते, पाच वेळा दिली तर तीन अधिक दोन. येसूचा पाय त्या बेरजेत कुठं बसणार होता?

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गोदामात आले. वाईट वाटलं होतं त्यांना, मी खोटं लिहिणार नाही. दवाखान्याचं बघतो म्हणाले आणि बघितलं. मग खुर्ची ओढून बसले.

"आपन आसं करू. चार म्हंजे मानसाला लागलं. लागोपाठ चार. लिहून ठेव."

"चार दिले तर तुम्ही उचलाल?"

"उचलायचा कशाला? समजंल ना मला."

मी लिहून ठेवलं. हेही खोटं लिहिणार नाही.

अठरा दिवसांनी सरू येसूचे कपडे न्यायला आली. खुंटीवरून शर्ट काढला, घडी घातली, पिशवीत भरला. मी तिला बस म्हणाले. ती बसली नाही.

"एक इचारू का, बाय? तवा तू फोनवर कोनाला बोलत व्हतीस?"

"शेठना लावत होते. गाडी न्यायला विचारायचं होतं."

"इचारायचं व्हतं." तिनं पिशवीची गाठ मारली. "आमी समजलो तू दवाखान्याची गाडी बोलावतेस. येसू बोलला, थांब, बाय फोन करते, येल गाडी. म्हून बसून ऱ्हायलो. न्हायतं मी पयलेच रस्त्यावर गेली असती."

मग सरू पिशवी डोक्यावर घेऊन वज्रेश्वरीच्या बसला गेली.