चिमट्याला कुंकू

करिष्माचा हात जड आहे, असं आमच्या चाकणच्या कंपनीत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. टाकीत तेल किती उरलंय ते सांगणारे सेन्सर आम्ही बनवतो. त्यांची वीज साठवायची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, मोजायचं काम तिचं. तिच्या टेबलावर माल फार रिजेक्ट व्हायचा. दसऱ्यानंतर तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही, असं वर ठरत आलं होतं.

दोष हाताचा नव्हताच, मीटरचा होता. मोजायचे असतात जेमतेम काही पिकोफॅरड, म्हणजे कपॅसिटन्सचं अगदी बारीक माप, आणि त्या हातातल्या मीटरच्या लोंबत्या वायरींचेच त्याहून जास्त भरतात. वायर जरा हलली की आकडा हलतो. क्वालिटीची इंजिनिअर म्हणून मी हे सांगून सांगून थकले. परचेसच्या निरंजनचं एकच पालुपद, "अहो निवेदिता मॅडम, यावरपण पिकोफॅरड लिहिलंय की." या माणसाला ट्रकच्या काट्यावर सोनं तोलायला बसवायला हवं.

शेवटी एका डीलरच्या हातापाया पडून मी टेबलावरचा चांगला मीटर आणवला, एका दिवसाच्या डेमोला. त्यात वायरींची भानगडच नाही. सेन्सर सरळ चिमट्यात बसवायचा. करिष्माचा रिजेक्ट माल त्यावर पास झाला तर मीटर घ्यायचा आणि तिलाही ठेवायचं, असं मी प्लांट हेड सलिल सरांकडून कबूल करून घेतलं. तिला म्हटलं, "बाई, तुझी नोकरी आता याच्याच हातात."

डेमोचा दिवस निघाला खंडेनवमीचा. मी पोचले तेव्हा सगळ्या मशीनना हार पडले होते. नव्या मीटरच्या चिमट्यावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि आत झेंडूची पाकळी.

मी रुमाल काढला. पुसायला गेले, तर ओलं कुंकू आणखी फटीत शिरलं. सेन्सर न लावताच आकडा दिसायला लागला, तोही एका जागी ठरेना. मीटर उघडल्याशिवाय तो साफ होणार नव्हता, आणि डीलरची वस्तू मी कशी उघडू?

सलिल सर आले. पहिला सेन्सर लावला, फेल. दुसरा, फेल. निरंजन खिशात हात घालून बघत होता.

"मॅडम, हापण तेच म्हणतोय," सर म्हणाले.

कुंकवाचं सांगावं, तर लावलं कुणी ते निघणार आणि त्याच्यावर शेकणार. न सांगावं, तर करिष्मा जाणार. तेवढ्यात सरांचंच लक्ष चिमट्याकडे गेलं.

"हे कुंकू कुणी लावलं?"

प्रसादाचं ताट घेऊन करिष्मा पुढे आली. तिचं बोट अजून लाल होतं.

"मी, सर," ती हसून म्हणाली. "सगळ्यांच्या आधी याचीच पूजा केली. मॅडम म्हणाल्या ना, माझी नोकरी याच्याच हातात हाय."

आणि पहिला पेढा तिने माझ्या हातावर ठेवला.