मुक्या गाण्याची कॅसेट

लंबूकाका आत आले ते चौकटीला डोकं आपटूनच. सत्तरी उलटली तरी त्यांची उंची कमी झाली नव्हती, आणि राग तर मुळीच नाही.

"हा दवाखाना आहे?" त्यांनी कपाळ चोळत विचारलं. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र होतं आणि टेबलावर प्लॅस्टिकचा जबडा होता, तेव्हा खरं तर हे विचारायची काही गरज नव्हती.

"रविवारी बंद असतो, काका," डॉक्टर म्हणाली. "आम्ही इथेच जमतो. खुर्च्या आयत्या मिळतात."

'आम्ही' म्हणजे एकूण तिघं. एक ती स्वतः, दातांची डॉक्टर. दुसरे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले सर. तिसरी कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण, जिला सगळा रस्ता मावशी म्हणायचा. तिघांना वेड एकाच गोष्टीचं, 'धुरांडं' नावाच्या बँडचं. बँड फुटून चाळीस वर्षं झाली होती, तरी हे दर रविवारी दुपारी जमून त्याच त्या जुन्या कॅसेट ऐकायचे आणि एखाद्या ड्रमच्या ठोक्यावरून हमरीतुमरीवर यायचे. घरच्यांनी तिघांचाही नाद केव्हाच सोडला होता.

आज मात्र कुणी भांडत नव्हतं. 'धुरांडं'चा गिटारवाला सदेह समोर उभा होता आणि सगळं त्याच्या मर्जीवर अडलं होतं.

भानगड अशी होती. बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण डॉक्टरच्या बाबांनी केलं होतं. एकच कॅमेरा, तोही खांद्यावर घेऊन, थेट रंगमंचावर उभं राहून. दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूकाका त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंत हे कुणालाही दाखवायचं नाही." का, ते सांगितलं नाही, समोरच्याचं काही ऐकूनही घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी गिटारही सोडली आणि बँडही. बाबांनी शब्द दिला, आणि बाबांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला. बायकोला दाखवलं नाही, पोटच्या मुलीला दाखवलं नाही. पुढे जन्मभर कारखान्यांसाठी फिल्म काढल्या: हेल्मेट कसं घालावं, शिडी कशी लावावी, आग लागली तर कुठल्या दाराने पळावं. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, स्वेटरांच्या खाली ती व्हिडिओ कॅसेट निघाली.

डॉक्टरने ती पाहिली नाही. तिने लंबूकाकांचा पत्ता काढला आणि निरोप पाठवला: एकदा या, आमच्याबरोबर बघा, आणि मग वाटलं तर परवानगी द्या. उलट निरोप आला तो असा, की बघेन, पण एकदाच. मग ती कॅसेट मी घेऊन जाईन आणि चुलीत घालीन. कबूल असेल तर येतो.

तिने कबूल केलं. त्यावर सर इतके भडकले की त्यांचा चहा बशीत सांडला. "डोकं फिरलंय का तुझं? आधी एक कॉपी काढून ठेव. त्या म्हाताऱ्याला काय कळतंय!"

"त्यांना नाही कळणार. पण मला कळेल ना, सर. बाबांच्या शब्दाचं मग काय राहिलं?"

बाबांच्या हातून आयुष्यात एकच मनासारखं काम झालं होतं, आणि ते या कॅसेटमध्ये होतं. स्वतःला पाहून म्हातारा पाघळेल, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली होती. आता त्याचा चेहरा पाहून तिला स्वतःच्याच भाबडेपणाचा राग आला. काकांनी सोबत कापडी पिशवी आणली होती. खुर्चीत बसून त्यांनी ती मांडीवर उघडून ठेवली, भाजी घ्यायला आल्यासारखी.

सरांनी शाळेच्या अडगळीतून मागून आणलेला व्हिडिओ प्लेअर टीव्हीला जोडला होता. डॉक्टरने कॅसेट आत ढकलली. आतून करकर आवाज आला. टेप अडकली, तुटली, तर चुलीचीही गरज नव्हती. पडद्यावर मुंग्या आल्या, मग रेघा, आणि मग एकदम ते चौघं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "काय केस ते!"

चाळीस वर्षं ज्यांचे फक्त आवाज ऐकले, ती माणसं घाम पुसत, एकमेकांना डोळ्यांनी खुणावत समोर उभी होती. ड्रमवाला जीभ बाहेर काढून वाजवायचा, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. गायक ठेंगणा होता, आणि वरचा सूर लावताना टाचा उचलायचा. दुसऱ्या गाण्यात बेस गिटार आली तेव्हा सरांनी शेजारच्या खुर्चीचा हात गच्च धरला. "बघितलंत? मी सांगत होतो की नाही, तो अंगठ्याने वाजवतो!" वीस वर्षांचं भांडण मिटलं, तेही त्यांच्या बाजूने. मावशी प्रत्येक शब्द ओठांत म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून खुशाल पाणी वाहत होतं. आवाज कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून पार धुऊन गेलेला असायचा, इथे तो ताजा होता, माणसाच्या छातीतून निघालेला.

डॉक्टर मात्र पडदा थोडाच बघत होती. तिचं लक्ष होतं काकांकडे. त्यांनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा जबडा उचलला होता आणि ते तो उघडत होते, मिटत होते. खट. खट. चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती.

"काका, चहा?"

"शेवटचं गाणं कधी आहे?"

"आता हेच."

शेवटचं गाणं म्हणजे यांच्यासाठी देव्हाराच. तिघं त्याला मुकं गाणं म्हणायचे, कारण त्या कार्यक्रमाची जी नुसत्या आवाजाची कॅसेट हातोहात फिरली होती, तिच्यावर त्यात शब्दच नव्हते. गायकाची ओळ गिटारच गायची. सरांनी त्यावर आजवर किती व्याख्यानं झोडली होती! शब्द टाकून देण्याचं धाडस वगैरे.

पडद्यावर गायक पुढे आला. त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तो खोकला, पुन्हा तोंड उघडलं, मग गळ्याला हात लावून घाबऱ्या घाबऱ्या मागे वळून पाहिलं.

"म्हणजे..." सर पुटपुटले, "ते मुद्दाम नव्हतं?"

"कसलं मुद्दाम? गळा बसला त्याचा!" काका पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "भरल्या हॉलमध्ये. लोक त्याला ऐकायला आलेले. मग मी काय करणार होतो? त्याची ओळ मी वाजवली."

आणि पडद्यावरच्या उंच पोराने ती वाजवली. डोळे समोरच्या अंधारात, खांदे ताठ, प्रत्येक सूर विचारून विचारून टाकल्यासारखा. गायक जिथे श्वास घ्यायचा तिथे तोही थांबत होता. बोलताना हुंदका आवरून पुढचा शब्द काढावा, तसं ते वाजत होतं. हे गाणं डॉक्टरला पाठ होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात चित्र जरासं हललं. मग आणखी हललं.

"टेप गेली वाटतं," सर कुजबुजले.

शेवटचा सूर विरला. हॉलमधून काहीच ऐकू आलं नाही, आणि पडदा काळा झाला.

इथे या तिघांचा एक रिवाज होता. मुक्या गाण्यानंतर टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, मान खाली घालून बसायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिघांनीही माना खाली घातल्या.

काका उठले. जबडा त्यांनी टेबलावर आपटला.

"झालं समाधान? तेव्हाही अस्संच. एवढा हॉल भरलेला आणि एक टाळी नाही. मी पाय ओढत विंगेत गेलो, तरी पाठीमागे आवाज म्हणून नाही. आज म्हटलं, निदान तुम्ही वेडे आहात म्हणून... तर तुमच्यासुद्धा माना खाली."

"अहो नाही, नाही!" सर ताडकन उठले. "तो आमचा मान आहे, म्हणजे आदर. आम्ही नेहमीच..."

"मला समजावू नका. समजूत घालणारे मी ढिगाने पाहिलेत. काढ ती कॅसेट, पोरी. बोली झालीये आपली."

डॉक्टर उठली. प्लेअरकडे गेली, पण बटण दाबायला तिचा हात होईना. तिने मान वर केली ती वेगळ्याच चेहऱ्याने.

"बसा, काका."

"कॅसेट..."

"बसा म्हटलं ना!" तोंड मिटून घेणाऱ्या पेशंटवर ती जशी खेकसायची, तशीच खेकसली. काका खरोखरच बसले.

तिने टेप थोडी मागे घेतली. पुन्हा तो उंच पोरगा, पुन्हा तेच सूर. "माझ्याकडे नका बघू, चित्राकडे बघा. त्या माइकच्या दांड्याकडे. हलतोय की नाही?"

"जुनी कॅसेट आहे."

"जुन्या कॅसेटवर रेघा येतात. हे बघा, जरा थांबलं. आता परत. दोनदा, मग एकदा लांब. टेप असं करत नाही, काका. कॅमेरा खांद्यावर होता." तिने दांड्यावर बोट टेकवलं. "बाबा आवाज न करता रडायचे. आई गेली तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. तोंडातून हूं की चूं नाही, नुसता खांदा असाच हलत होता. दोनदा, मग एकदा लांब. मी काय माझ्या बापाला ओळखत नाही?"

 पडद्यावर माइकचा दांडा हलत राहिला.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

तिने लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा काका खुर्चीतून पुढे वाकले, आणि गिटार वाजवणाऱ्या पोराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चित्राची कड तेवढी बघत राहिले.

"मी तिकडे अंधारात माणसं शोधत होतो," ते म्हणाले, "आणि हा माझ्यापासून चार पावलांवर उभा होता." मग पडद्यावरून नजर न काढता, "तो घरी आला होता माझ्या. नंतर. दोनदा. खालून हाका मारत होता."

"मग?"

"मला वाटलं, हाही समजूत घालायला आलाय. मी दार उघडलं नाही."

डॉक्टरच्या डोक्यात तिडीक गेली. कॅसेट वाचली होती हे तिला दिसत होतं, पण आनंद कुठल्या कुठे पळाला होता. "सांगायलाच आले असतील ते," ती म्हणाली. "तुम्ही दार उघडलं असतं तर तुम्ही गिटार सोडली नसती. आणि माझ्या बाबांनी जन्मभर शिड्यांच्या फिल्म काढल्या नसत्या. एका दारापायी, काका!"

"तसं बोलू नये गं," मावशी हळूच म्हणाली.

"बोलू दे तिला," काका म्हणाले. "खरं आहे ते."

त्यांनी मांडीवरची पिशवी मिटली, चार घड्या घालून खिशात कोंबली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले.

"दाखवा. ज्याला दाखवायचं त्याला दाखवा." मग डॉक्टरकडे न बघता त्यांनी विचारलं, "नावं येतील ना त्यात लिहून? आधी तुझ्या बापाचं घाल. मोठ्या अक्षरांत. आमची मागून आली तरी चालतील."

 डॉक्टरने मान हलवून हो म्हटलं, आणि मग तिला रडू आवरलंच नाही. आवाज न करता रडणं तिला बापासारखं जमायचं नाही. ती मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्या बंद दवाखान्यात आजवर कुठला पेशंट रडला नसेल इतक्या मोठ्याने रडली.