टबातलं तांबडं पाणी

सभागृहात शंभर-सव्वाशे माणसं होती आणि सगळ्यांच्या माना एका प्लास्टिकच्या टबाकडे वळल्या होत्या. टबात एका निवृत्त कारकुनाचे पाय होते. मघाशी नितळ असलेलं पाणी आता तांबडं-तपकिरी झालं होतं, वर फेस धरला होता. शुद्धीगुरू म्हणाले, "चाळीस वर्षांच्या औषधांचं विष! डॉक्टर आत घालतात, मी बाहेर काढतो." लोकांनी हात जोडले. नातवाचा पहिला नंबर आल्यासारखा कारकून त्या घाणीकडे कौतुकानं बघत होता.

पुढचा नंबर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सूनबाईचा होता. तिला सासूबाईंनी आणि नणंदेनं आणलं होतं. नवरा मुकाट्यानं मागे आला होता.

बाळंतपणानंतर तिचं मन इतकं खचलं होतं, की बाळाला आंघोळ घालताना तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती भीती हळूहळू ओसरली. झोप परतली, हसू परतलं. पण नवऱ्याचा हात अंगावर आला तरी आत काही हलेनासं झालं. माया होती, ओढ नव्हती. हे तिनं विश्वासानं नवऱ्याला सांगितलं. त्यानं बहिणीला, बहिणीनं आईला, आणि आता ते गुरूंच्या हातातल्या फॉर्मवर होतं.

गुरूंनी तो माईकवर वाचला. "मनाच्या गोळ्या. संसार थंड. किती महिने झाले, बाई?"

मागे कोणीतरी खुसखुसलं. तिला शिसारी आली. गुरूंची, त्या खुसखुसणाऱ्यांची, आणि खाली मान घालून बसलेल्या नवऱ्याचीही.

या गोळ्या आतला अग्नी विझवतात, आज त्या याच पाण्यात बुडवायच्या, सात बैठकांत जोडपं नव्यासारखं होईल, असं गुरू सांगत सुटले. नणंदेनं गोळ्यांचं पाकीट केव्हाच त्यांच्या हाती दिलं होतं. त्या गोळ्यांआधीचे दिवस आठवून सूनबाईनं बाळाला घट्ट धरलं.

आई झाल्यापासून तिला सगळ्यावर नजर ठेवायची सवय लागली होती. खिडकीची कडी, दुधाची वाटी, भिंतीतला प्लग. म्हणून तिनं पाहिलं होतं, की दर वेळी टबात आधी मूठभर मीठ पडतं, मग लोखंडी तारेची गुंडाळी सोडतात आणि तिचं यंत्र प्लगला लावतात. शिवाय कारकून मधेच फोन घ्यायला उठून दारापर्यंत गेला होता, तरी पाणी तांबडं होतच राहिलं होतं.

टबात नवं पाणी भरलं, मीठ पडलं, गुंडाळी सोडली आणि यंत्र सुरू झालं. तिनं पाय आत घातलेच नाहीत. पिशवीतून बाळाचं रबरी बदक काढून पाण्यात सोडलं.

"आधी याचं विष काढा."

"निर्जीवावर शक्ती चालत नाही, बाई."

"मग पाणी स्वच्छच राहील. थांबू या."

गुरूंचा हात बटणाकडे गेला, पण नवरा उठून मधे उभा राहिला. "चालू राहू दे," एवढंच म्हणाला.

थोड्या वेळानं पाणी पिवळसर झालं, मग तांबूस, मग बदकाच्या चोचीभोवती फेस आला. मागून आवाज आला, "याला कुठल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या हो?"

सूनबाईनं यंत्र बंद करून गुंडाळी वर उचलायला लावली. तार कुरतडल्यासारखी झाली होती. मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो, एवढाच हा चमत्कार, असं तिनं सांगितलं.

कारकून चिडला. "पण मला हलकं वाटलं ना!"

"कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की वाटतंच, काका. घरीसुद्धा."

तिनं गुरूंच्या हातातून पाकीट काढून घेतलं. सासूबाई कुजबुजल्या, "पण मग तुझं ते तसंच राहायचं का गं?"

प्रश्न खरा होता. डॉक्टर दर वेळी "आणखी काही?" असं विचारायचे आणि ती "बाकी ठीक" म्हणून उठायची. त्या आठवड्यात तिनं ते सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हे या गोळ्यांनी पुष्कळांना होतं, म्हणाले. जागरणंही भर घालतात. प्रमाण कमी करून बघता येईल, औषध बदलता येईल, वेळ लागेल. "पण आपल्या मनानं एकदम बंद करू नका."

ओढ अजून परतलेली नाही. नवऱ्यावरचा विश्वासही पूर्ण परतलेला नाही. पण बाळाला ती रोज स्वतःच आंघोळ घालते.

लाजेपायी डॉक्टरांपाशी न बोललेलं दुखणं भोंदूच्या माईकवर जातं. म्हणून जिथं विचारायचं तिथं विचारा. आणि कोणी तुमचं विष काढायला निघाला, तर त्याचं पाणी आधी तुमच्या पायांशिवाय तपासा.